शिरस्त्राणाचा पाठ

(इयत्ता ५ वी ते ७ वी. सामान्य विज्ञान, गणित, इतिहास व नागरिकशास्त्र यांच्या समवायाने घ्यावयाचा पाठ.)

प्रास्ताविक

वडूज हे खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण. येथून पुसेगाव, दहिवडी, मायणी व औंध या दिशांना रस्ते गेले आहेत. सकाळी शाळा भरण्याच्या सुमारास या रस्त्यांवरून शिक्षकांच्या मोटारसायकली वाड्यावस्त्यांकडे निघतात. एस. टी. ची वेळ व शाळेची वेळ यांचा मेळ बसत नाही आणि कित्येक वस्त्यांपर्यंत एस. टी. पोचतही नाही, म्हणून दुचाकी ही आता शिक्षकाची चैन राहिलेली नसून गरज झाली आहे. त्याच रस्त्यावर डेअरीत दूध घालावयास निघालेला शेतकरी असतो, बाजाराला जाणारे जोडपे असते आणि मुलाला टाकीवर बसवून शाळेत सोडणारा बापही असतो. गळिताच्या हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या पुढे चाललेल्या असतात. तिन्हीसांजेला रानातून परतणारी जनावरे आडवी येतात. पावसाने रस्त्याच्या कडा उखडलेल्या असतात.

या सर्व प्रवाशांपैकी शिरस्त्राण, म्हणजे आपण सर्वजण ज्याला हेल्मेट म्हणतो ते, किती जणांच्या मस्तकावर असते? काहींचे ते घरी खुंटीला असते, काहींचे आरशाला अडकविलेले असते, तर काहींचे कोपरात घातलेले असते. नियम कोणाला ठाऊक नाही असे नाही. ठाऊक नसते ते त्यामागचे कारण. कारण न कळता पाळलेला नियम पोलीस दिसेपर्यंतच टिकतो. कारण कळले म्हणजे तो सवय होतो. हे कारण समजावून देणे हे शाळेचे काम आहे.

विषयाचे गांभीर्य कळावे म्हणून एकच आकडा पुरे आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी ५०,०२९ जण हेल्मेट न घातलेले दुचाकीस्वार होते. यांत गाडी चालविणारे ३५,६९२ आणि मागे बसलेले १४,३३७ होते. मागे बसणाऱ्याला हेल्मेट लागत नाही ही समजूत किती घातक आहे, हे या शेवटच्या आकड्यावरून उघड होते.

पाठाचा उद्देश

(१) डोक्याला बसणाऱ्या आघाताचे स्वरूप विद्यार्थ्यांस समजावे. (२) हेल्मेट आघात कसा सौम्य करते हे प्रयोगाने पटावे. (३) योग्य हेल्मेट कसे ओळखावे व कसे घालावे हे कळावे. (४) ही माहिती विद्यार्थ्यांमार्फत घरापर्यंत पोचावी.

साहित्य

मातीच्या सहा पणत्या, खोक्यात येणारे थर्मोकोलचे तुकडे, पुठ्ठ्याची लहान पेटी, झाकणाची रुंद तोंडाची प्लॅस्टिकची बरणी, उकडून सोललेला एक बटाटा, पाणी आणि शिक्षकांचे स्वतःचे हेल्मेट.

पहिला प्रयोग : कवटीच्या आत काय घडते?

बरणीत पाणी भरून त्यात बटाटा सोडावा व झाकण घट्ट लावावे. बरणी आडवी धरून वेगाने पुढे न्यावी आणि एकदम थांबवावी. बरणी थांबली तरी बटाटा पुढे जाऊन भिंतीवर आपटतो व मागे येतो. विद्यार्थ्यांना विचारावे : बरणीला काही झाले का? नाही. मग मार कोणाला बसला?

आपला मेंदू असाच कवटीच्या आत द्रवाने वेढलेला असतो. तो उकडलेल्या बटाट्याहूनही मऊ असतो. कवटी एकदम थांबली की मेंदू आतल्या बाजूवर आदळतो, ताणला जातो, त्याच्या भोवतीच्या बारीक रक्तवाहिन्या तुटतात. म्हणूनच डोक्यावर जखम दिसत नसतानाही माणूस बेशुद्ध पडतो, आणि ‘काही लागले नाही’ म्हणून घरी गेलेला कधी कधी काही तासांनी दगावतो. हाड मोडले तर ते सांधते. मेंदूची झालेली हानी तशी भरून येत नाही.

दुसरा प्रयोग : थांबण्याचे अंतर

एक पणती हात वर करून शहाबादी फरशीवर सोडावी. ती फुटेल. दुसरी पणती थर्मोकोलच्या तुकड्यांत सर्व बाजूंनी घट्ट बसवून पेटीत ठेवावी व तेवढ्याच उंचीवरून सोडावी. बहुधा ती शाबूत राहील. न राहिल्यास थर्मोकोल कमी पडले का, पणती आत सैल होती का, याचा शोध विद्यार्थ्यांकडून घ्यावा. सैल पणती फुटते, हाही उपयोगी धडाच आहे. पुढे हेल्मेटच्या पट्ट्याविषयी सांगताना त्याचा दाखला देता येतो.

आता कारण सांगावे. पहिली पणती जागच्या जागी थांबली. दुसरी थर्मोकोल दबेपर्यंत थोडी पुढे सरकत थांबली. थांबण्यास जितके अंतर मिळेल तितका आघात कमी होतो. क्रिकेटचा झेल घेताना हात मागे नेतात तो याच कारणाने, हे मुलांना अनुभवाने ठाऊक असते. ते त्यांच्याच तोंडून काढून घ्यावे.

हेल्मेटमध्ये हेच तत्त्व आहे. बाहेरचे कठीण कवच दगडाचे टोक आत शिरू देत नाही व आघात विस्तृत भागावर पसरविते. आतील थर्मोकोलचा जाड थर चेपला जातो व डोक्याला थांबण्यासाठी अंतर देतो. खरे रक्षण या आतील थराकडून होते. एकदा चेपलेला थर पुन्हा फुगत नाही; म्हणून अपघातात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी पुन्हा वापरू नये.

गणिताशी समवाय

उभी गाडी कलंडून माणूस पडला तरी त्याचे डोके सुमारे १.५ मीटर उंचीवरून खाली येते. उघडे डोके फरशीवर २.५ मिलिमीटरमध्ये थांबले आणि हेल्मेटातील डोके २५ मिलिमीटरमध्ये थांबले, असे धरून चालू. सरासरी आघात काढण्यासाठी पडण्याच्या उंचीला थांबण्याच्या अंतराने भागावे.

१५०० ÷ २.५ = ६००
१५०० ÷ २५ = ६०

म्हणजे पहिल्या वेळी डोक्यावर त्याच्या वजनाच्या सुमारे ६०० पट, तर दुसऱ्या वेळी ६० पट जोर पडतो. बोटभर जाडीच्या थराने आघात दहावा हिस्सा झाला.

दुसरे उदाहरण वेगाचे द्यावे. समोर झाड, दगड अथवा वाहन आले व त्यावर डोके आदळले, तर तो आघात किती उंचीवरून पडल्यासारखा होईल? वेग दर सेकंदास मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा व १९.६ ने भागावे.

ताशी १८ कि. मी. (सेकंदास ५ मीटर) : १.३ मीटर
ताशी ३६ कि. मी. (सेकंदास १० मीटर) : ५.१ मीटर
ताशी ५४ कि. मी. (सेकंदास १५ मीटर) : ११.५ मीटर

वेग तिप्पट झाला, पण उंची मात्र नऊपट झाली. ताशी ३६ कि. मी. हा वेग कोणालाच फार वाटत नाही. पण शाळेच्या कौलारू छपराहून उंच जागेवरून डोक्यावर पडण्यासारखा तो आहे, असे म्हटले की वर्ग गंभीर होतो. येथे हेही स्पष्ट करावे की हेल्मेट अपघात टाळीत नाही आणि भरधाव वेगाच्या आघातापुढे त्यालाही मर्यादा आहेत. हेल्मेट आहे म्हणून वेग वाढविणे म्हणजे छत्री आहे म्हणून पुरात उतरणे होय.

इतिहासातील एक कथा

१३ मे १९३५ रोजी इंग्लंडमध्ये डॉर्सेट परगण्यातील एका रस्त्याने टी. ई. लॉरेन्स हे मोटारसायकलवरून चालले होते. पहिल्या महायुद्धातील अरबस्तानातील कामगिरीमुळे त्यांचे नाव जगभर झाले होते. सायकलीवरून जाणारी दोन मुले अचानक समोर दिसली. त्यांना चुकविताना गाडी घसरली आणि लॉरेन्स डोक्यावर आपटले. डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. सहा दिवसांनी, १९ मे रोजी, त्यांचा मृत्यू झाला. युद्धातून वाचलेला मनुष्य खेड्यातल्या ओळखीच्या रस्त्यावर गेला.

त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. त्यांनी पुढे या प्रश्नाचा पिच्छा पुरविला. युद्धकाळात मोटारसायकलवरून निरोप नेणारे अनेक सैनिक मरत होते. केर्न्स यांनी १९४१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या नियतकालिकात लेख लिहून शिरस्त्राणाचे महत्त्व मांडले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटारसायकलस्वारांना ते सक्तीचे केले. सामान्य नागरिकांसाठी मात्र तेथे सक्ती येण्यास १९७३ साल उजाडले. चांगली गोष्ट पटण्यास लोकांना वेळ लागतो, हे यावरून दिसते. निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र तपासून कॉक्रेन या वैद्यकीय संस्थेने २००८ साली जो निष्कर्ष काढला त्यानुसार हेल्मेटमुळे अपघातग्रस्त दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी व डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

नागरिकशास्त्र : कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ नुसार दुचाकी चालविणारा व मागे बसणारा या दोघांनाही हेल्मेट आवश्यक आहे. पगडी परिधान करणाऱ्या शीख व्यक्तींना यातून सूट आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४ डी मध्ये १,००० रुपये दंड व तीन महिने परवाना रद्द राहण्याची तरतूद आहे. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या बालकास दुचाकीवर नेताना त्याला हेल्मेट व चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा असावा आणि वेग ताशी ४० कि. मी. पेक्षा अधिक नसावा, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून अमलात आहे.

गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना अठरा वर्षे पूर्ण झाल्याविना मिळत नाही. सातवीतला मुलगा बापाची गाडी फिरवितो याचे कौतुक करणाऱ्या पालकांना कलम १९९ ए अवश्य सांगावे. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडल्यास पालकास अथवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

हेल्मेट व पोशाख : निवड आणि वापर

हेल्मेटवर आय. एस. आय. चे चिन्ह व ‘आय. एस. ४१५१’ हा क्रमांक पाहावा. १ जून २०२१ पासून हे चिन्ह नसलेली दुचाकीची हेल्मेटे विकण्यास बंदी आहे. तरीही रस्त्याच्या कडेला स्वस्तात मिळणाऱ्या टोपीवजा हेल्मेटांचा मोह होतो. त्यांत आतील जाड थर नसतो. ती डोके झाकतात, राखीत नाहीत. हेल्मेट डोक्यावर घट्ट बसावे. मान हलविली असता ते गरगर फिरू नये. हनुवटीखालचा पट्टा नेहमी लावावा, त्यात एखाददुसरे बोट जाईल इतकीच जागा असावी. पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्या धक्क्यालाच उडून जाते. सैल पणतीचा दाखला येथे द्यावा.

अंगात जाड कापडाचा पूर्ण बाह्यांचा सदरा अथवा जाकीट, हातमोजे व घोटा झाकणारे बूट असावेत. चप्पल घसरते व घोटा उघडा राहतो. पडताना माणूस प्रथम हात टेकतो. म्हणून हातमोज्यांचे महत्त्व. रात्री प्रवास असल्यास प्रकाश परावर्तित करणारी पट्टी पाठीवर असावी. लुगड्याचा पदर, ओढणी व धोतराचा सोगा चाकात जाणार नाही अशा रीतीने खोचावा आणि मागील चाकावरील जाळी काढून टाकू नये.

नेहमीच्या शंका

‘जवळच तर जायचे आहे.’ डोके १.५ मीटरवरून पडण्यास अंतराची गरज लागत नाही. पुण्यात जानेवारी २०१९ मध्ये सक्तीला विरोध झाला, तेव्हाही शहरातील वेग कमी असतो हा मुद्दा पुढे करण्यात आला होता. त्याचे उत्तर वरील गणितातच आहे.

‘उकडते.’ माणदेशी उन्हाळ्यात उकडते हे खरे. हवेसाठी छिद्रे असलेले, फिकट रंगाचे हेल्मेट घ्यावे व आत सुती रुमाल बांधावा. तोच रुमाल रोज धुतल्यास घाम व केसांची तक्रारही राहत नाही.

‘ऐकू येत नाही.’ हेल्मेटने जसा भोंग्याचा आवाज थोडा कमी होतो तसा वाऱ्याचा घोंगावही कमी होतो. म्हणून भोंगा ऐकू येतोच.

अपघात दिसल्यास

१०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जखमीचे हेल्मेट घाईने ओढून काढू नये. मानेला इजा असल्यास ती वाढते. श्वास अडत असेल तरच, एकाने मान स्थिर धरून दुसऱ्याने ते अलगद काढावे. मदत करणाऱ्यास कलम १३४ ए चे संरक्षण आहे. तेव्हा पोलिसांच्या भीतीने कोणी पुढे जाण्याचे टाळू नये.

शिक्षकांसाठी

या पाठाचे सर्वांत प्रभावी साधन शिक्षक स्वतः आहेत. हेल्मेट व पट्टा लावून शाळेच्या फाटकातून आत येणारे गुरुजी किंवा बाई मुले रोज पाहतात, आणि तो पाठ वर्षातून दोनशेहून अधिक वेळा होतो. उलट, फळ्यावर हेल्मेटचे चित्र काढून शाळा सुटल्यावर उघड्या डोक्याने निघालेल्या शिक्षकाची मुले नक्कल करतात ती निघून जाण्याची, चित्राची नव्हे. पालकसभेत हे दोन्ही प्रयोग मुलांकडूनच करवून घ्यावेत. बापाला गुरुजींनी सांगितलेले एक वेळ पटणार नाही. पण ‘आबा, पट्टा लावा’ हे मुलीचे शब्द तो सहसा टाळीत नाही.

स्वाध्याय

१. ताशी ७२ कि. मी. वेगाने आदळणे किती उंचीवरून पडण्यासारखे आहे? उत्तर काढून त्या उंचीची गावातील एखादी वस्तू सांगा.
२. आपटलेले हेल्मेट पुन्हा का वापरू नये?
३. आठवडाभर सकाळी अर्धा तास शाळेजवळून जाणाऱ्या दुचाकी मोजा. चालविणारे किती, मागे बसणारे किती व त्यांपैकी हेल्मेट घातलेले किती, याचा तक्ता करा. मोजताना शिक्षकांच्या सोबत, रस्त्यापासून दूर उभे राहा.
४. आपल्या घरातील हेल्मेटवर आय. एस. आय. चिन्ह आहे का? पट्टा शाबूत आहे का? घरात हेल्मेट नसल्यास घरी कोणती कारणे सांगतात ती लिहा व प्रत्येकास उत्तर द्या.