द्राक्षबागेतलं काम आणि हाताची सूज

प्रश्न : स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत माझ्या डाव्या काखेतल्या गाठी काढल्या. आता हात सुजतो. शेजारणी म्हणतात, हत्तीरोग झाला. गोडी छाटणी तोंडावर आहे. कात्री धरू की नको?
– एक वाचक, निफाड (जि. नाशिक)

उत्तर : ताई, विदर्भात गोंदिया-गडचिरोलीकडे आढळणारा हत्तीरोग डासांनी पसरवलेल्या कृमींमुळे होतो. तुमचं कारण बहुधा वेगळं आहे. केशवाहिन्यांतून पेशींभोवती पाझरणारं पाणी सगळंच रक्तात परतत नाही. उरलेलं दिवसाला साधारण दोन-तीन लिटर लसीकावाहिन्या गोळा करतात, वाटेतल्या ग्रंथींमध्ये ते गाळलं जातं, जंतूंशी सामना होतो आणि गळ्याच्या मुळाशी ते पुन्हा शिरेत पडतं. या प्रवाहाला हृदयासारखा पंप नाही. वाहिन्यांच्या भिंती आकुंचन पावतात, आतल्या झडपा पाणी मागे येऊ देत नाहीत, स्नायूंची हालचाल ते पुढे ढकलते. काखेतला टप्पा गेला, की हातातलं पाणी तुंबतं.

म्हणूनच हात गळ्यात बांधून बसू नका. मात्र आधी डॉक्टरांना दाखवा. शिरेत गुठळी झालेली नाही आणि आजार उलटलेला नाही, हे तपासायला हवं. मग दाबपट्टीची बाही घालून, हातमोजे चढवून थोडं-थोडं काम वाढवा. फवारणी दुसऱ्यांना करू द्या. लघवीच्या गोळ्या मनाने घेऊ नका, ही सूज त्यांनी हटत नाही. खरचटलं तर लगेच साबणाने धुवा. हात लाल, गरम झाला, ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.