छंदाच्या बॅटरी-चार्जरला पुरवठा-संच कसा निवडावा?

आपल्याकडील अनेक माध्यमिक विद्यालयांत आज विद्यार्थी स्वतःच्या हातांनी छोटी विमाने, चाकांवर चालणारे यंत्रमानव आणि ड्रोन तयार करीत असतात. केंद्र शासनाने २०१६ साली हाती घेतलेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांच्या योजनेमुळे या छंदाला शाळेच्या वेळापत्रकातही स्थान मिळाले. या उपकरणांत बहुधा लिथियम-पॉलिमर जातीची बॅटरी असते आणि ती भरण्यासाठी स्वतंत्र चार्जर विकत घेतला जातो. परंतु यांतील पुष्कळसे चार्जर घरातील २३० व्होल्टच्या विजेवर चालत नाहीत. त्यांना आधी कमी दाबाचा एकदिश प्रवाह, म्हणजे डी.सी., द्यावा लागतो. तो देणारा पुरवठा-संच कोणता असावा, याचा विचार मात्र फारसा होत नाही. कपाटात जो अडॅप्टर सापडेल तो जोडला जातो.

प्रस्तुत लेखकाने एका विद्यालयात प्रत्यक्ष पाहिलेली हकीकत येथे सांगणे उपयुक्त ठरेल. विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तीन घटांची, ४००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी ४ अँपिअर प्रवाहाने भरावयास लावली होती. चार्जरवर ‘११ ते १८ व्होल्ट, कमाल ५० वॉट’ असे छापलेले होते आणि अडॅप्टरवर ‘१२ व्होल्ट, ५ अँपिअर’. मेज भिंतीपासून दूर असल्याने अडॅप्टरची तार दोन मीटर बारीक तारेने वाढविली होती. पहिला अर्धा तास सर्व सुरळीत चालले. त्यानंतर चार्जर बंद पडला, पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद पडला. बॅटरी सदोष आहे असा निष्कर्ष निघाला आणि सायंकाळी धावपळ करून नवी बॅटरी आणण्यात आली. नवी बॅटरीही त्याच टप्प्यावर अडली.

दोष बॅटरीत नव्हता. तो कोठे होता हे समजण्यासाठी थोडे गणित करणे भाग आहे.

लिथियम-पॉलिमर घट पूर्ण भरला म्हणजे त्याचा दाब ४.२ व्होल्ट होतो. तीन घटांचे १२.६ व्होल्ट झाले. त्यांस ४ अँपिअरने गुणले असता ५०.४ वॉट येतात, म्हणजे चार्जरची कमाल शक्ती येथेच संपते. पण चार्जर स्वतःही काही वीज उष्णतेच्या रूपाने खर्च करतो. त्याची कार्यक्षमता शेकडा ८० धरली, तर ५० वॉट बाहेर देण्यासाठी त्याला ६२.५ वॉट आत घ्यावे लागतात. १२ व्होल्टने भागल्यास ५.२ अँपिअर. आपला अडॅप्टर ५ अँपिअरचा! तफावत लहान दिसते, परंतु ती ऐन अखेरीस प्रकट होते, कारण आरंभी घटाचा दाब साडेतीन व्होल्टच्या आसपास असताना त्याच चार्जरला बाहेर केवळ ४२ वॉट द्यावयाचे असतात. म्हणूनच पहिली दहा मिनिटे पाहून ‘सर्व ठीक आहे’ असे म्हणणे फसवे ठरते. परीक्षा घ्यावयाची ती बॅटरी भरत आल्यावर, प्रवाह कमी होऊ लागण्यापूर्वीच्या क्षणी.

आता त्या वाढविलेल्या तारेकडे पाहू. अर्धा चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या लवचीक तारेचा रोध दर किलोमीटरला सुमारे ३९ ओहम असतो. दोन मीटर जाणे आणि दोन मीटर येणे, असे चार मीटर धरले असता तो ०.१५६ ओहम होतो. ५ अँपिअर प्रवाह वाहू लागताच पाऊण व्होल्टहून अधिक दाब तारेतच नष्ट होतो आणि चार्जरच्या तोंडाशी जेमतेम सव्वाअकरा व्होल्ट पोहोचतात. ११ व्होल्टच्या खाली दाब गेला की चार्जर काम थांबवितो. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. साध्या दिव्याचा दाब कमी झाला तर त्याचा प्रवाहही कमी होतो व दिवा मंद जळतो. चार्जरचे तसे नाही. त्याला ठरावीक वॉट हवे असतात. दाब घटला की तो उलट अधिक प्रवाह ओढतो, त्यामुळे तारेतील घट वाढते आणि दाब आणखी उतरतो. अपुरा अडॅप्टर आणि बारीक तार एकत्र आली म्हणजे या चक्रातून सुटका नसते. तीच तार दीड चौरस मिलिमीटरची असती, तर घट पाव-एक व्होल्टच राहिली असती.

तेव्हा संच निवडताना प्रथम चार्जरवरील दाबाची मर्यादा वाचावी, नंतर त्याचे कमाल वॉट ०.८ ने भागावेत, आलेल्या संख्येस संचाच्या व्होल्टने भागून अँपिअर काढावेत आणि त्यात किमान चतुर्थांश भर घालावी. वरील चार्जरसाठी हा आकडा साडेसहा अँपिअर येतो. बाजारात १२ व्होल्टचा साडेआठ किंवा १० अँपिअरचा संच सहज मिळतो, तोच घ्यावा. १० अँपिअरचा संच जोडला तर चार्जरमध्ये जास्त वीज घुसेल व तो जळेल, अशी भीती अनेक शिक्षकही बोलून दाखवितात. ती निराधार आहे. चार्जर आपल्या गरजेइतकाच प्रवाह घेतो. धोका अँपिअर जास्त असण्यात नसून व्होल्ट जास्त असण्यात आहे.

याच कारणास्तव जुन्या लॅपटॉपचा अडॅप्टर येथे वापरू नये. त्याचा दाब बहुधा १९ व्होल्ट असतो आणि चार्जरची मर्यादा १८ आहे. काही चार्जर याहून अधिक दाब स्वीकारतात हे खरे, पण ते छापील मजकुरावरून ठरवावे, अंदाजाने नव्हे. मोटारीची बॅटरी भरण्याचा गॅरेजमधील जुना चार्जर तर पुरवठा-संच म्हणून कधीही वापरू नये. त्यातून सपाट नव्हे तर स्पंदनांच्या स्वरूपात वीज येते, आणि सरासरी दाब १२-१४ व्होल्ट दिसला तरी स्पंदनांची शिखरे १८ च्या वर जाऊ शकतात. प्रत्यक्ष मोटारीची बॅटरी मात्र उत्तम चालते. मैदानावर तिच्यावर काम भागावे म्हणूनच या चार्जरांची मर्यादा ११ ते १८ ठेवलेली असते. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते व इंजिन चालू असता सुमारे १४.

मोठ्या बॅटरीचा प्रश्न वेगळा आहे. सहा घटांची १६,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी एका तासाच्या गतीने भरावयाची, तर २५.२ व्होल्ट व १६ अँपिअर, म्हणजे ४०० वॉटहून अधिक लागतात आणि पुरवठा-संचाकडून ५०० वॉट. १२ व्होल्टवर हे ४२ अँपिअर होतात. एवढा प्रवाह साध्या तारांना व जोडण्यांना पेलत नाही. २४ व्होल्टवर तोच २१ वर येतो. म्हणून मोठा चार्जर घेताना २४ व्होल्ट स्वीकारणारा घ्यावा.

जाळीच्या पत्र्याच्या पेटीतील संच वापरणाऱ्यांना एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. त्यांपैकी अनेकांच्या बाजूस ११५ व २३० व्होल्ट निवडण्याची छोटी कळ असते. ती ११५ वर राहून आपली वीज जोडली गेली, तर संच तत्काळ निकामी होतो. कळ आधी पाहावी, मगच तीन पिनांची, भूजोडणी असलेली तार लावावी. २३० व्होल्टचे स्क्रू उघडे राहत असल्यास झाकण बसविल्याखेरीज तो संच विद्यार्थ्यांच्या मेजावर ठेवू नये. धन व ऋण अग्रे उलटी जोडली जाणार नाहीत, यासाठी तांबडी व काळी तारच वापरावी. लिथियम बॅटरी भरत असताना खोली सोडून कोणी जाऊ नये. ती लाकडी मेजावर न ठेवता फरशीवर किंवा मातीच्या कुंडीत ठेवावी, आणि फुगलेली बॅटरी तर चार्जरला लावूच नये.

बहुतेक चार्जर आत येणारा दाब स्वतःच्या पडद्यावर दाखवितात. तशी सोय नसेल तर मल्टिमीटर चार्जरच्या तोंडाशी लावावा, अडॅप्टरच्या तोंडाशी नव्हे. वर सांगितलेल्या विद्यालयात हेच केले तेव्हा भरणीच्या अखेरीस १०.९ व्होल्ट दिसले. १० अँपिअरचा संच आणि जाड तार लावल्यावर ‘सदोष’ ठरलेली पहिली बॅटरी त्याच रात्री पूर्ण भरली. नवी बॅटरी अजून त्या शाळेत शिल्लक म्हणून जपून ठेवलेली आहे.