मशीनखालचा स्टँड

मशीन घेताना आपण मोटर किती एचपीची, चक केवढा, सगळं विचारतो. ते ठेवणार कशावर, हे मात्र कोणी विचारत नाही. मग घरातलं जुनं लाकडी टेबल पुढे येतं. बेंच ग्राइंडर अशा टेबलावर थरथरत हळूहळू कडेला सरकतो, आणि आपली बोटं त्या दगडापासून दोन इंचांवर असतात.

माझे मामा निवृत्तीनंतर इचलकरंजीला घरामागच्या शेडमध्ये लूमच्या सुट्या भागांची कामं करतात. गेल्या सुट्टीत आम्ही त्यांच्या लेथ आणि ग्राइंडरसाठी स्टँड बनवले.

मामा अँगल आणणार होते, कारण सगळे तोच आणतात. मी स्क्वेअर पाइपचा हट्ट धरला. ५० × ५० × ६ चा अँगल मीटरला साधारण साडेचार किलो भरतो, ५० × ५० × ३ चा पाइपही जवळपास तेवढाच. पण पिळाला अँगल फार कच्चा. एसओएमच्या सूत्रात आकडे घालून बघा, पाइप ४० पटींहून जास्त ताठ निघतो. (टॉर्शनचा हा चॅप्टर आपण ऑप्शनला टाकतो!) मामांनी कागद बघितला आणि म्हणाले, "बरं बाई, तुझं कॉलेज फुकट नाही गेलं."

उंची मशीनवर नाही, माणसावर ठरते. लेथचा सेंटर साधारण कोपराच्या उंचीला हवा, नाहीतर संध्याकाळी पाठ बोलते. पण पाय जितके लांब तितका स्टँड झुलतो, आणि तोही लांबीच्या घनाच्या प्रमाणात. उंची कमी करता येत नाही, म्हणून तिरका आधार द्यायचा. चौकोन ढकलला की कलतो, त्रिकोण कलत नाही. पाय खाली थोडे फाकवले की उलटण्याची भीतीही कमी होते.

वेल्डिंगची घाई नको. आधी सगळीकडे नुसते टाके, मग दोन्ही कर्ण मोजायचे. सारखे भरले की समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने वेल्ड करायचे. एका बाजूने सलग मारलं तर फ्रेम ओढली जातेच.

ग्राइंडरची गोष्ट वेगळी. दोन पोलची मोटर आपल्या ५० हर्ट्झच्या लाइटवर मिनिटाला ३००० च्या जरा आत फिरते, म्हणजे सेकंदाला सुमारे ४८ धक्के. स्टँडची स्वतःची फ्रीक्वेन्सी त्याच्या आसपास आली की सगळं नाचायला लागतं. आम्ही वेल्डिंग पूर्ण झाल्यावर पायांत कोरडी वाळू भरली. ओली भरली तर पाइप आतून गंजतो. वाळूने आवाजसुद्धा बसला, मामी खूश!

लेथला मात्र खरी काळजी बोल्ट आवळताना घ्यायची. वरची प्लेट जराही वाकडी असेल तर बोल्ट बेडलाच पीळ देतात आणि जॉब टेपर येतो. मामांचे दोन जॉब याच कारणाने गिऱ्हाइकाने परत केले होते. तपासायची रीत सोपी आहे. टेलस्टॉक न लावता चकमध्ये जाड बार धरा, चकजवळ आणि टोकाला एकाच सेटिंगवर हलका कट घ्या, मायक्रोमीटरने दोन्ही व्यास मोजा. टोकाला जाड आला तर टेलस्टॉककडच्या पुढच्या बोल्टखाली पातळ शिम घाला, बारीक आला तर मागच्या. पुन्हा कट, पुन्हा माप. आम्हाला यातच अख्खी दुपार लागली, आणि चहा तीनदा झाला.