आमची गुंजी पहिल्यांदा व्याली



या वेळी गुरुजींनी 'घरचे जनावर' या विषयावर लिहायला सांगितले आहे. कोणी शेळीवर लिहिले, कोणी कोंबडीवर. मी आमच्या गुंजीवर लिहिते. गुंजी म्हणजे आमची गाय. ती पहिल्यांदा व्याली त्या रात्री मी गोठ्यात होते. जे पाहिले आणि जे डॉक्टरांनी सांगितले ते लिहिते. बाजूचे चित्र मीच काढले आहे. वासराचे कान जरा मोठे झाले आहेत, पण खरेच ते मोठेच होते.

गुंजी लाल कंधारी जातीची आहे. कंधार हे गाव आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात आहे, त्यावरून हे नाव पडले. आपल्या अहमदपूर तालुक्यातही ही जनावरे पुष्कळ घरी असतात. अंग सगळे एकसारखे लाल आणि डोळ्याभोवती काळे. गुंजेच्या बी सारखी लाल-काळी म्हणून आजोबांनी तिचे नाव गुंजी ठेवले. आपल्या लातूर जिल्ह्याची दुसरी जात म्हणजे देवणी. ती पांढरी-काळी असते. तिचे वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे तीन प्रकार आहेत. वानेऱ्याचे तोंड काळे असते, ते मला ओळखता येते. बाकीचे दोन ओळखताना माझी चूक होते. माळेगावच्या जत्रेत या दोन्ही जाती बघायला मिळतात. बाबा म्हणतात, लाल कंधारी दूध बेताचे देते, पण ऊन सोसते, कडब्यावर भागवते आणि तिचे बैल कामाला चिवट असतात.

२०२२ साली लम्पी रोग आला होता. जनावरांच्या अंगावर गाठी उठायच्या. त्यात गुंजीची आई मेली. तेव्हा गुंजी लहान कालवड होती. तिला आम्ही वेगळे बांधले होते, ती वाचली. तेव्हापासून आमच्या दावणीला गाय म्हणून ती एकटीच. म्हणून ती गाभण राहिली तेव्हा घरात सगळ्यांना फार आनंद झाला. मायने भिंतीवरच्या कॅलेंडरवर १४ एप्रिलला खूण केली. त्या दिवशी जयंती होती म्हणून तारीख सगळ्यांच्या ध्यानात राहिली.

गाय साधारण २८० दिवसांनी व्यायते. आजी म्हणते नऊ महिने नऊ दिवस. दोन्ही हिशेब जवळजवळ सारखेच येतात, मी वहीवर करून बघितले. गुंजी २२ जानेवारीला व्याली. म्हणजे २८३ दिवस झाले. तुम्हीही मोजून बघा.

व्यायच्या आधी आठ-दहा दिवस तिची कास भरू लागली. सड ताठ झाले. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खड्डे पडले. आजी रोज तिथे हात लावून बघायची आणि म्हणायची, "अजून टाइम हाय." २२ तारखेला संध्याकाळी आजीने हात लावला आणि काहीच बोलली नाही. गोठ्यातले ओले शेण काढायला लावले आणि कोरडा भुसा अंथरायला सांगितला. मग मला कळले की आज आहे.

रात्री गुंजीने कडब्याला तोंड लावले नाही. ती बसायची, उठायची, परत बसायची. मागे वळून आपल्याच पोटाकडे बघायची. पहिलारू गाय होती ना, तिला स्वतःलाच कळत नव्हते काय होते आहे. थंडी फार होती. बाबांनी गोठ्याच्या उघड्या बाजूला पोत्यांचा पडदा बांधला. लहान भावाला झोपवले. मला माय म्हणाली, "गप बसायचं असंल तर थांब." मी गप बसले. कारण गर्दी आणि गोंगाट असला की गाय घाबरते आणि तिच्या कळा थांबतात.

नऊ वाजता पाणमोट दिसली. ती पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी असते. ती फुटली आणि थोड्या वेळाने दोन खुरे दिसली. बाबांनी बॅटरी मारून बघितले आणि म्हणाले, "तळवे खाली हायत. चांगलं हाय." याचा अर्थ मी नंतर विचारला. वासरू नीट येत असेल तर पुढचे दोन पाय आधी येतात आणि त्यांच्यावर नाक टेकलेले असते. विहिरीत सूर मारताना आपण हात पुढे करतो, तसे. तेव्हा खुरांचे तळवे जमिनीकडे असतात. तळवे वर दिसले तर बहुतेक मागचे पाय आधी आले असे समजायचे आणि डॉक्टरांना लवकर बोलवायचे. एकच पाय दिसला किंवा नुसते डोके दिसले तरीही बोलवायचे. पहिलारू गायीला वेळ जास्त लागतो. पण पाणमोट फुटल्यावर तास-दोन तास होऊनही वासरू पुढे सरकत नसेल तर वाट बघत बसायचे नाही. आपण होऊन जोराने ओढायचेही नाही, त्याने गायीला इजा होते.

आमच्या गुंजीला कोणी ओढावे लागले नाही. साडेदहाला वासरू आले. एकदम भुशावर पडले. मला वाटले ते मेले, कारण ते हलतच नव्हते. बाबांनी त्याच्या नाकातोंडातला चिकट पदार्थ बोटाने काढला. मग कडब्याची एक काडी नाकपुडीत हळूच फिरवली. वासरू शिंकले! मी ओरडणार होते, पण मायने माझ्या तोंडावर हात ठेवला.

कालवड होती. लाल, ओली, थरथर कापणारी.

आता गंमत म्हणावी की काय म्हणावे, गुंजी उठून उभी राहिली, वासराकडे बघितले आणि मागे सरकली. दावे ताणून धरले. बाबांनी वासरू तिच्या तोंडापुढे सरकवले तर तिने त्याला डोक्याने ढकलून दिले. मला तिचा फार राग आला. आजी म्हणाली, "राग नको धरू लेकरा. तिनं कधी बघितलं हाय का वासरू? तिला वाटायलं हे काय पडलं माझ्यातून."

मग आजीने घरातून मीठ आणि थोडा कोंडा आणला आणि वासराच्या पाठीवर भुरभुरला. सगळ्यांना मागे व्हायला सांगितले. बॅटरीही बंद केली. आम्ही पडद्यापाशी उभे राहिलो. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. मग अंधारात खरखर आवाज यायला लागला. गुंजी वासराला चाटत होती! आधी मिठासाठी चाटले असेल, पण मग थांबलीच नाही. चाटल्याने वासराचे अंग कोरडे होते, त्याला ऊब येते, आणि गायीला त्याचा वास ओळखू येतो. गाय आपले वासरू वासानेच ओळखते. म्हणून वासराला लगेच साबणाने धुवायचे नाही. गाय चाटतच नसेल तर आपण कोरड्या पोत्याने जोरात पुसायचे.

बाबांनी वासराची नाळ बघितली. ती लांब लोंबत होती. पोटापासून दोन-तीन बोटे सोडून स्वच्छ दोऱ्याने बांधली, उकळलेल्या ब्लेडने खालचा भाग कापला आणि टिंक्चर आयोडीन लावले. बैलाच्या खांद्याला लावायला आणलेली बाटली घरात होतीच. नाळेतून रोग आत शिरतो. तिथे शेण, राख, हळद लावू नये असे डॉक्टर सांगतात.

आता सगळ्यात महत्त्वाचे सांगते.

माय तांब्या घेऊन चीक काढायला निघाली. तेव्हा आजीने अडवले. "जार पडल्याबिगर चीक काढू नाही. माझी सासू बी तसंच करायची." जार म्हणजे वासरू झाल्यावर मागून जे पडते ते. कोणी वार म्हणतात. ती पडायला आठ-दहा तासही लागतात. म्हणजे वासरू सकाळपर्यंत उपाशी! माय काही बोलली नाही, कारण आजीपुढे ती बोलत नाही. बाबांनी डॉक्टरांना फोन लावला. रात्र झाली होती तरी त्यांनी उचलला. बाबांनी आवाज मोठा केला, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू आले.

डॉक्टर म्हणाले, जारेची वाट बघू नका. माणसाच्या बाळाला आईच्या पोटात असतानाच रोगाशी लढायची थोडी शक्ती मिळते. वासराला ती पोटात मिळत नाही. ती सगळी चिकात असते. आणि वासराचे आतडे ती शक्ती फक्त पहिल्या दिवशी जशीच्या तशी आत घेते. तासातासाला ते कमी होत जाते. म्हणून पहिल्या तासात चीक पाजा. वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा चीक पहिल्या दिवसात तीन-चार वेळा करून गेला पाहिजे. आमचे वासरू अंदाजे वीस किलोचे, म्हणजे दोन लिटर. हे गणित मी लगेच सांगितले. आणि ते असेही म्हणाले की वासरू सडाला लुचले की जार पडायलाही मदतच होते.

फोन बंद झाल्यावर आजी जरा वेळ खाली बसली. मग म्हणाली, "हिच्या आईचं पहिलं वासरू चौथ्या दिवशी हगवणीनं गेलं. तवा बी म्याच जारेची वाट बघितली होती." कोणीच काही म्हणाले नाही. आजीने स्वतःच तांब्या उचलून मायच्या हातात दिला.

पण गुंजी कासेला हात लावू देईना. पहिल्याच लाथेला तांब्या उडाला आणि जेवढा निघाला होता तेवढा चीक भुशात गेला. बाबांनी काठीकडे बघितले. आजी म्हणाली, "मारायचं नाही. तिची कास सुजून दुखायली." पहिलारू गायीची कास फार ताणलेली असते आणि तिला आजवर कोणी तिथे हात लावलेला नसतो. ती दुखते म्हणून लाथ मारते, मुद्दाम नाही.

मग मायने कोमट पाण्यात फडके बुडवून कास शेकली. हळूहळू, बोलत बोलत. बाबांनी दावे आखूड धरले. आजी गुंजीच्या तोंडाशी गूळ घेऊन उभी राहिली आणि तिच्या मानेखाली खाजवत राहिली. माझे काम वासराला धरण्याचे. मायने चारही सडांच्या दोन-दोन धारा काढून टाकल्या, कारण सडाच्या तोंडाशी बुच्चीसारखे घट्ट काहीतरी असते ते निघावे लागते. मग चिकात बोट बुडवून वासराच्या तोंडात घातले. वासरू बोट चोखू लागले. त्याची जीभ खरबरीत होती आणि तोंड गरम. तोंड थंड लागले तर वासरू अशक्त आहे असे समजावे. बोट चोखतच मायने त्याला सडापाशी आणले आणि बोट काढून सड दिला. दोनदा सुटले. गुंजीने पाय उचलला, मी डोळे मिटून घेतले, पण मानेवरचा हात सोडला नाही. तिसऱ्यांदा लागले आणि शेपटी हलवायला लागले.

गुंजीने मान वळवून त्याच्या पाठीला हुंगले आणि घशातल्या घशात एक आवाज काढला. तो आवाज तिने आधी कधी काढला नव्हता. आजी म्हणाली, "आता झाली माय."

रात्री गुंजीला कोमट पाणी आणि गूळ घालून शिजवलेली बाजरी दिली. पहाटे पाचला जार पडली. त्याआधी शेजारच्या एका आजोबांनी सांगितले होते की लोंबणाऱ्या जारेला दगड बांधा म्हणजे लवकर पडेल. तसे करायचे नाही. ओढायचीही नाही. आतले फाटून रक्त जाते. बारा तासांत पडली नाही तर डॉक्टरांना सांगायचे. गायीला ती खाऊ द्यायची नाही आणि कुत्र्यापुढे टाकायची नाही. बाबांनी हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून ती उचलली आणि खोल खड्ड्यात चुना टाकून पुरली. उघड्या हाताने उचलली तर काही रोग माणसालाही होतात. आम्हा लेकरांना तिकडे येऊच दिले नाही.

सकाळी डॉक्टर आले. त्यांनी गुंजीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा नंबर विचारला. तो बारा आकडी असतो. मी न चुकता वाचून दाखवला. वासराने काळे चिकट शेण टाकले होते, ते बघून डॉक्टर म्हणाले चीक चांगला गेला आहे. पंधरा दिवसांनी जंताचे औषध पाजायला सांगितले. आणि अडचण आली तर १९६२ या नंबरला फोन करा असे सांगितले. त्याला पैसे पडत नाहीत. पालकांनी हा नंबर लिहून घ्यावा, म्हणून मी तो चित्राखाली लाल शाईने परत लिहिला आहे.

आता खरवसाचे सांगायचे राहिले. गाय व्याली हे कळल्यावर गल्लीतली बरीच माणसे वाटी घेऊन आली. मलाही खरवस फार आवडतो. पण आजीने सगळ्यांना सांगितले, "वासराचं पोट भरल्यावर उरला तर बघू." दोन दिवस कोणालाच दिला नाही. एक काकू जरा रुसल्या. तिसऱ्या दिवशी वासरू पिऊन ढुशा मारायचे थांबले तेव्हा मायने उरलेला काढला आणि गूळ-वेलदोडा घालून खरवस केला. रुसलेल्या काकूंना आजीने स्वतः नेऊन दिला. मी डब्यात शाळेत आणला होता. वर्गात आम्ही तेवीस जण, त्यामुळे प्रत्येकाला बोटभरच आला. ज्या दोघांना मिळाला नाही त्यांनी माझ्याशी भांडण केले, ते अजून मिटलेले नाही.

वासराचे नाव भावाने 'लालपरी' ठेवले आहे, एस. टी. गाडीवरून. नाळ आठव्या दिवशी वाळून पडली. काल ती दावे सोडवून घरात आली आणि माझ्या गणिताच्या वहीचे एक पान चावले. नेमके २८३ दिवसांच्या हिशेबाचे.

— इयत्ता चौथी