शाळेचा संगणक आपल्या कामाजोगा कसा करून घ्याल?



माहिती पाठवण्याचा शेवटचा दिवस. दुपारचे चार वाजलेत. दुसऱ्या शाळेतून आलेली विद्यार्थ्यांची यादी उघडावी, तर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी! मग काय, सगळी नावं पुन्हा टाइप करत बसा. हा अनुभव मी घेतलाय, तुमच्यापैकी अनेकांनीही घेतला असेल.

नवीन वर्ग मिळाला की आपण आधी बाके मांडून घेतो, फळा स्वच्छ करतो, तक्ते लावतो. संगणक मात्र दुकानातून जसा आला तसाच वर्षानुवर्षे वापरतो. आज तोही मांडून घेऊया. इथे विंडोज १० आणि ११ धरून सांगितले आहे. सगळे बदल फुकट आहेत आणि एक-दोन तासांत होतात.

१) आधी परतीची वाट

काहीही बदलण्यापूर्वी मागे फिरायची सोय करा. स्टार्टवर क्लिक करून इंग्रजीत 'रिस्टोअर पॉइंट' टाइप करा. येणाऱ्या खिडकीत सी ड्राइव्ह निवडा. प्रोटेक्शन 'ऑफ' दिसत असेल, तर 'कॉन्फिगर'मध्ये जाऊन ते चालू करा आणि 'क्रिएट' दाबा. नावात आजची तारीख घाला. पुढे काही बिघडलं, तर संगणकाची मांडणी या दिवसावर परत नेता येते.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. यामुळे सेटिंग आणि प्रोग्रॅम मागे जातात. तुमच्या हरवलेल्या फायली मात्र परत येत नाहीत. त्यासाठी निकालपत्रके आणि नोंदवह्या वेगळ्या हार्डडिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवा आणि तो काढून कपाटात ठेवा. संगणकालाच लावून ठेवलेल्या पेनड्राइव्हमध्ये व्हायरसही शिरतो.

२) मराठी युनिकोडमध्येच लिहा

वर सांगितलेली खिचडी का होते? जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असतात. तो फॉन्ट समोरच्या संगणकावर नसला की चित्र जातं आणि मागचं इंग्रजी अक्षर उघडं पडतं. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. उदाहरणार्थ, 'क' चा क्रमांक २३२५. फॉन्ट कोणताही असो, 'क' हा 'क'च राहतो. मोबाइलवर उघडा, नाहीतर शोधपेटीत शोधा.

सेटिंगमध्ये 'टाइम अँड लँग्वेज' उघडा, भाषांमध्ये मराठी जोडा. मराठीच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'मराठी फोनेटिक' हा कीबोर्ड घ्या. विंडोज १० मध्ये तो २०१९ च्या मे महिन्यातील अपडेटपासून आहे. शब्द उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांत टाइप केला की मराठी पर्याय दिसतात. इंग्रजी-मराठी अदलाबदल विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबून होते.

रोज पानेच्या पाने टाइप करायची असतील, तर इन्स्क्रिप्ट शिकून घ्या. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला आहेत. सुरुवातीला हात अडखळतो, पण सरावाने वेग चांगला येतो.

जुन्या फायली कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणता येतात. त्यानंतर रफार, जोडाक्षरे आणि विद्यार्थ्यांची आडनावे एकदा डोळ्यांखालून घाला.

३) सुरू होताना लागणारा वेळ

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातील 'स्टार्टअप' भागात संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी असते. रोज न लागणारे प्रोग्रॅम 'डिसेबल' करा. ते पुसले जात नाहीत, फक्त बोलावल्याशिवाय येत नाहीत. अँटिव्हायरसला मात्र हात लावू नका.

फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मधून 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा. 'निकाल पीडीएफ' नावाच्या फाइलची शेपटी खरोखर पीडीएफ आहे की ईएक्सई, हे लगेच कळतं. ओळखीच्या नावाची ईएक्सई फाइल आली तर उघडू नका.

४) मोजकीच सॉफ्टवेअर

लिब्रेऑफिस: पत्रे, तक्ते, सादरीकरण. मराठी मेनूही मिळतो. बाहेर पाठवताना पीडीएफ करून पाठवा.
व्हीएलसी: जवळपास सगळे व्हिडिओ आणि ऑडिओ चालवतो.
सेव्हन-झिप: झिप आणि रार फायली उघडतो, मोठ्या फायली दाबून लहान करतो.

ही तिन्ही मोफत आहेत. ती मूळ संकेतस्थळावरूनच उतरवा. फुकटात 'वेग वाढवणारी' आणि 'क्रॅक' केलेली सॉफ्टवेअर घेऊ नका. विद्यार्थ्यांची माहिती असलेल्या संगणकात असे अनोळखी पाहुणे नकोत.

५) हाताशी ठेवायच्या युक्त्या

• विंडोज, शिफ्ट आणि एस: पडद्याचा हवा तेवढाच भाग कॉपी होतो.
• विंडोज आणि व्ही: आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी दिसते. पहिल्या वेळी ती चालू करावी लागते. यात कॉपी केलेला पासवर्डही दिसू शकतो, म्हणून काम झाल्यावर यादी साफ करा.
• विंडोज आणि एल: जागेवरून उठताना संगणक कुलूपबंद.
• लिब्रेऑफिसमध्ये कंट्रोल आणि एफ३ दाबून शाळेचे पूर्ण नाव, पत्ता आणि ११ अंकी यूडायस क्रमांक 'ऑटोटेक्स्ट'मध्ये ठेवा आणि त्याला लहानसं टोपणनाव द्या. नंतर ते टोपणनाव टाइप करून एफ३ दाबलं की पूर्ण मजकूर उमटतो.

६) सर्वांत महागात पडणारी चूक

सरल प्रणालीतील विद्यार्थी क्रमांक १९ अंकी असतो. एक्सेल मात्र संख्येचे पहिले १५ अंकच सांभाळते. पुढच्या चार अंकांचे शून्य होतात, तेही न विचारता! फाइल जतन झाली की मूळ अंक परत मिळत नाहीत. शून्याने सुरू होणाऱ्या बँक खाते क्रमांकाचे पुढचे शून्यही असेच गायब होतात, आणि मग शिष्यवृत्तीचे पैसे मुलाच्या खात्यावर पोहोचत नाहीत.

उपाय सोपा आहे. आकडे भरण्यापूर्वी तो रकाना निवडा, 'फॉरमॅट सेल्स'मध्ये 'टेक्स्ट' करा, मगच भरा. अशी एक कोरी फाइल तयार करून 'नमुना' नावाने ठेवा आणि प्रत्येक वेळी तिचीच प्रत घ्या.

आणि हो, विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. संगणकाला विंडोज ११ चालत असेल तर ते घ्या. चालत नसेल, तर निदान महत्त्वाच्या फायलींची प्रत आजच बाहेर काढा.

हे सगळं एका दिवसात करायलाच हवं असं नाही. रोज एक बदल करा आणि संगणकाशेजारी एक वही ठेवून त्यात लिहा: तारीख, काय बदललं, परत कसं फिरवायचं. उद्या आपली बदली झाली, तरी आपल्या जागी येणाऱ्या गुरुजींना किंवा बाईंना कोणाला विचारत बसावं लागणार नाही.

आजचा गृहपाठ एकच: विद्यार्थ्यांची यादी उघडा आणि विद्यार्थी क्रमांकांचे शेवटचे चार अंक तपासा. सगळीकडे शून्यच दिसले, तर मूळ नोंदी हाताशी असतानाच दुरुस्ती करून घ्या.