नंबर ‘पंच’ करून देणाऱ्याला गाडी देऊ नका

वाचकांचे प्रश्न : कायदा आणि पैसा

प्रश्न : मी चिखलीत राहतो आणि चाकणच्या एका कंपनीत सीएनसी ऑपरेटर आहे. २०२० मध्ये सेकंडहँड शेवरोले बीट डिझेल घेतली. गाडीची पहिली नोंदणी ऑक्टोबर २०११ ची आहे, आरसी माझ्या नावावर आहे. गेल्या महिन्यात चाकणच्या तळेगाव चौकात ट्रॅफिकमध्ये गाडी तापली आणि बंद पडली. गॅरेजवाला म्हणतो, इंजिन बसलं. कंपनी देश सोडून गेल्यामुळे पार्ट मिळत नाहीत, म्हणून इंजिनच बदलू, असं त्याचं मत आहे. माझ्याच इंजिनचं काम केलं तर पासष्ट हजार आणि तीन आठवडे लागतील. त्याच्या ओळखीतून काढलेलं इंजिन अडतीस हजारांत मिळतंय, बसवायचे बारा हजार, दोन दिवसांत गाडी चालू. बिल मिळणार नाही, पण ‘आरसीवरचाच नंबर पंच करून देतो, काळजी नको’ असं तो म्हणाला. आईचं आठवड्यातून तीनदा वायसीएम रुग्णालयात डायलिसिस असतं. गाडी नसल्यामुळे फार हाल होतात. पतसंस्थेतून पन्नास हजार काढायचं ठरवलं आहे. अशा गाडीचे खात्रीचे ओरिजनल पार्ट आपल्या भागात कुठे मिळतील? परदेशातून मागवता येतील का? विम्यातून काही मिळेल का?
— एक वाचक, चिखली

उत्तर : पतसंस्थेचे पैसे अजून काढले नसतील तर थांबा. काढले असतील तर गॅरेजवाल्याच्या हातात देऊ नका.

तुम्ही विचारलंय पार्ट कुठे मिळतील. पण तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला त्यात घाई दिसली. सोमवार, बुधवार, शुक्रवार असा आईचा वार ठरलेला असतो आणि तो चुकवता येत नाही. म्हणून ‘दोन दिवसांत गाडी चालू’ हे शब्द तुम्हाला गोड लागले. तुमची अडचण खरी आहे. पण तिच्यावर उपाय इंजिन नव्हे. तीन आठवडे ओळखीचा एक रिक्षावाला ठरवा, जाण्या-येण्याचे पैसे आधी बोलून घ्या आणि तो खर्च दुरुस्तीच्या हिशेबात धरा. घाई गेली की बाकीचे निर्णय शांतपणे घेता येतील.

आधी छोटे प्रश्न संपवतो.

परदेशातून पार्ट मागवू नका. ही गाडी बाहेर बहुतेक ठिकाणी स्पार्क या नावाने पेट्रोल इंजिनवर विकली गेली. तुमच्या डिझेल इंजिनला त्याचा उपयोग नाही, वर सीमा शुल्क भरायचं आणि चुकीचा पार्ट आला तर परत कुणाला करायचा?

विम्यातून काही मिळणार नाही. ट्रॅफिकमध्ये इंजिन तापलं, हा अपघात नाही, यांत्रिक बिघाड आहे. ‘अपघात दाखवून बसवू’ असं कुणी सुचवलं तर ती फसवणूक आहे, आणि क्लेम फॉर्मवर सही तुमची असते.

पेट्रोलचं इंजिन बसवू, सीएनजी करू, हे सल्लेही कानाआड करा.

आता मुद्द्याचं. तुमच्या पत्रातलं सगळ्यात धोक्याचं वाक्य तुम्ही दिलासा म्हणून लिहिलं आहे : ‘आरसीवरचाच नंबर पंच करून देतो’.

इंजिनचा नंबर त्याच्या ब्लॉकवर ठोकलेला असतो. तोच नंबर तुमच्या आरसीवर, विमा पॉलिसीवर आणि वाहन पोर्टलवर आहे. दुसऱ्या गाडीचं इंजिन आणलं की त्याच्यावर दुसऱ्या गाडीचा नंबर असतो. तो ग्राइंडरने घासायचा आणि त्या जागी तुमचा ठोकायचा, याला गॅरेजवाले ‘पंच करणं’ म्हणतात. आता विचार करा, इंजिन जर सरळ मार्गाने आलेलं असेल तर त्याचा नंबर पुसायची गरज काय? खरा नंबर लपवायचा असेल तेव्हाच कुणी तो घासतं. आणि घासून तो लपतही नाही. पंच ठोकताना अक्षराखालचा धातूही दाबला जातो. पृष्ठभाग घासला तरी आतला दाबलेला धातू तसाच राहतो आणि प्रयोगशाळेत आम्ल लावलं की जुना आकडा पुन्हा वर येतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळांचं हे नेहमीचं काम आहे. तुम्ही स्वतः सीएनसीवर काम करता, धातू काय लक्षात ठेवतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

कायदा काय म्हणतो ते नीट वाचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे चोरीचा माल अप्रामाणिकपणे घेणं किंवा जवळ ठेवणं हा गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. ‘मला माहीत नव्हतं’ एवढं म्हणून सुटका होईलच असं नाही, कारण माल चोरीचा असल्याचं मानायला तुमच्याकडे कारण होतं का, हेही पाहिलं जातं. बिल नाही, भाव पडलेला आणि नंबर घासलेला : तपास अधिकाऱ्याला ही तीन कारणं पुरतात, आणि तिन्ही तुम्हाला आधी सांगूनच तुमच्या गळ्यात घातली जात आहेत.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायचं तर आधी नोंदणी कार्यालयाची मंजुरी लागते, आणि मंजुरीविना बदललं गेलं असेल तर १४ दिवसांत कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. म्हणजे इंजिन बदलायला कायद्याची मनाई नाही. मनाई आहे ती लपवण्याला. सरळ रस्ता असताना मेकॅनिक आडवाट का दाखवतो? सरळ रस्त्यावर इंजिनचं बिल मागतात आणि ते त्याच्याकडे नाही.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी भोसरीकडचे एक गृहस्थ आले होते. असंच ‘काढलेलं’ डिझेल इंजिन, असाच पंच केलेला नंबर. दोन वर्षं गाडी छान चालली. मग मागून ट्रकने ठोकलं. चूक ट्रकची होती, पण विमा कंपनीच्या सर्व्हेअरला ब्लॉकवरचे आकडे वेडेवाकडे दिसले. क्लेम अडकला, चौकशी लागली, गाडी महिनोन् महिने उभी राहिली. इंजिन विकणारा कुठे भेटेना आणि बसवणारा म्हणाला, ‘माल तुम्ही आणला होता.’ गाडीचे पैसे गेले, वकिलाचे गेले आणि कामावरच्या सुट्ट्या गेल्या. त्यांनी सुरुवातीला वाचवलेली रक्कम तुमच्यासारखीच पंधरा-वीस हजारांची होती. अशा घरांची पुढची वाताहत मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिली आहे.

आपल्या पट्ट्यात या फसगतीचा आणखी एक अवतार फिरतो. ‘कंपनीतला माल आहे’ असं म्हणत पेटीविना, लेबलविना पार्ट दाखवतात. इथे घरटी एक माणूस कुठल्या ना कुठल्या व्हेंडरकडे कामाला आहे, म्हणून ते पटकन खरंही वाटतं. असा पार्ट दोनच वाटांनी बाहेर येतो. एक तर तपासणीत नापास झालेला, नाहीतर चोरलेला. पहिल्याने ब्रेक जातो, दुसऱ्याने नोकरी. चाकणला कामाला जाणाऱ्या माणसाने त्या पार्टला हातही लावू नये.

भंगार बाजाराचंही स्पष्ट सांगतो. तिथे प्रामाणिक धंदा करणारेही आहेत. पण २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने कुदळवाडीत हजारो अनधिकृत बांधकामं पाडली, त्यात भंगाराची गोदामं मोठ्या संख्येने होती. तुमच्या घराजवळचीच गोष्ट आहे, तुम्ही पाहिलं असेल. पत्ता नसलेल्या दुकानाची तोंडी गॅरंटी कुणाच्या दारात जाऊन मागणार?

आता तुम्ही विचारायला हवा होता तो प्रश्न : या गाडीत पैसे घालावेत का, आणि किती?

तुमच्या गाडीची पहिली नोंदणी ऑक्टोबर २०११ ची. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. म्हणजे ऑक्टोबर २०२६ मध्ये ती संपते आणि पुढे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागेल. त्यासाठी गाडी मोशीच्या आरटीओत तपासणीला उभी करावी लागते. मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क २०२२ च्या एप्रिलमध्ये सहाशेवरून पाच हजारांवर गेलं. आजचा आकडा परिवहन पोर्टलवर पाहा, वर पर्यावरण कर धरा. त्या दिवशी निरीक्षक चॅसी आणि इंजिनचे नंबर कागदांशी ताडून पाहील. पंच केलेलं इंजिन घेऊन तुम्ही काही महिन्यांत स्वतःच्या पायांनी तपासणीला जाणार आहात. गॅरेजवाल्याने हे तुम्हाला सांगितलं का?

म्हणून क्रम असा ठेवा.

पहिलं, इंजिन उघडून घ्या. ‘बसलं’ हे निदान नाही. हेड वाकलं आहे का, ब्लॉकला तडा आहे का, बोअर किती झिजला आहे, हे बोअरिंगच्या दुकानातून मोजून घ्या आणि मापं कागदावर लिहून घ्या. अशी दुकानं भोसरी-चिंचवडला सापडतील. तापलेल्या इंजिनात कधी हेड आणि गॅस्केटवरच भागतं.

दुसरं, ब्लॉक चांगला असेल तर स्वतःच्याच इंजिनचं काम करा. नंबर तोच, आरसी तीच, आरटीओला विचारायची गरज नाही. तुमच्या हिशेबात फरक पंधरा हजारांचा आहे. निर्धास्त झोपेची ही किंमत मला जास्त वाटत नाही.

तिसरं, पार्टचं. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतात विक्री थांबवली, तेव्हा सुटे भाग आणि सेवा चालू ठेवण्याचं जाहीर केलं होतं. तळेगावच्या ज्या कारखान्यात बीट बनत असे, तो घेण्याचा करार ह्युंदाईने २०२३ मध्ये केला. त्या कारखान्याच्या दारात शेवरोलेचे पार्ट विचारून उपयोग नाही. शेवरोलेचं काम करणाऱ्या जुन्या सेवा केंद्रातून चॅसी नंबरवर पार्ट नंबर लिहून घ्या आणि दुकानात नावाने नव्हे, नंबराने मागा. मोटार कंपन्या बहुतेक भाग स्वतः बनवत नाहीत, व्हेंडरकडून घेतात. चिंचवडला एसकेएफचा बेअरिंगचा कारखाना आहे, चाकणला गॅब्रिएलचा शॉक ॲब्सॉर्बरचा. असल्या नामांकित उत्पादकाच्या स्वतःच्या पेटीतला पार्ट मापाने बसत असेल तर गाडीच्या कंपनीच्या शिक्क्याचा हट्ट धरू नका.

पेटी मात्र वाचा. पाकिटबंद मालावर उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक सेवेचा क्रमांक छापणं कायद्याने बंधनकारक आहे. त्या क्रमांकावर दुकानातूनच फोन लावा. नकली मालवाला तुम्हाला तो फोन करू देणार नाही.

चौथं, बिल. सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. ‘बिल नको असेल तर १८ टक्के कमी’ हे ऐकलं की तिथून निघा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल हातात असेल तर १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार करता येते, पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंत आयोगाचं शुल्कही नाही.

जुना पार्ट घ्यायचाच तर दरवाजा, काच, आरसा, सीट इथपर्यंत ठीक. ब्रेकचे भाग, एअरबॅग, सीटबेल्ट आणि टायर जुने घेऊ नका.

ब्लॉकला तडा असेल आणि दुसरं इंजिन लागणारच असेल, तर जीएसटीचं बिल, ज्या गाडीतून इंजिन काढलं तिचा नंबर आणि तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद, हे तिन्ही मागा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नागरिक सेवा पोर्टलवर इंजिन आणि चॅसी नंबर टाकून चोरीची नोंद आहे का ते तपासा. मग आरटीओची मंजुरी, मग इंजिन बसवायचं. नंबर जसा आहे तसाच राहील, आरसीवर नवा चढेल.

शेवटचा हिशेब तुमचा तुम्हीच करा. चालू स्थितीतल्या अशाच बीटला काय भाव मिळतो, ते दोन डीलरकडून विचारून घ्या. दुरुस्ती आणि नूतनीकरण मिळून खर्च त्या भावाच्या निम्म्याहून वर जात असेल तर कर्ज काढू नका. गाडी नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रात द्या, ठेव प्रमाणपत्र घ्या, नोंदणी रद्द करून घ्या आणि तेच पैसे कमी वयाच्या गाडीकडे वळवा, जिची कंपनी अजून देशात आहे.

उद्या गॅरेजमध्ये जाल तेव्हा दुसरं काही बोलू नका. एवढंच सांगा : इंजिन उघडा, मापं लिहून द्या, पंच करायचा नाही. तो राजी झाला तर काम त्याच्याकडेच करा. आढेवेढे घेऊ लागला तर गाडी टो करून दुसरीकडे हलवा, आणि त्याआधी आईच्या पुढच्या डायलिसिसची रिक्षा ठरवून टाका.