बारा तुकड्या, एक संध्याकाळ

प्रश्न : सिकंदर आणि पोरसाची झेलमकाठची लढाई टेबलावर खेळावी, अशी आम्हा तिघा मित्रांची फार इच्छा आहे. पण त्यासाठी शेकडो रंगवलेले सैनिक आणि अख्खा दिवस लागतो म्हणे. आम्हाला रविवारची संध्याकाळच मिळते. जमेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नक्की जमेल. शेकडो सैनिक मोठ्या खेळांना लागतात. तुम्ही फिल बार्कर यांच्या १९९० सालच्या 'डी बेलिस अँटिक्विटॅटिस' या नियमांपासून सुरुवात करा. दर बाजूला फक्त १२ तुकड्या, पट साधारण दोन फुटी चौरस आणि डाव तासाभराचा. आपल्या पाळीला एक फासा टाकायचा. जितके पडतील तितक्याच चाली. एकच पडला, तर बगल कोसळत असतानाही पोरसाचे हत्ती जागेवर खिळून राहतात. सेनापतीची ती घालमेल हाच या खेळाचा प्राण आहे. तुकड्या भिडल्या की दोघेही फासा टाकून त्यात आपापल्या तुकडीचे गुण मिळवतात. समोरच्याची बेरीज दुप्पट झाली तर तुकडी गारद, थोडक्यात हरली तर बहुधा माघार. साधारणपणे चार तुकड्या गमावणारा हरतो.

बाहुल्यांवर आत्ताच खर्च करू नका. ४० मिलिमीटर रुंदीचे पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यांवर 'हत्ती', 'भालाईत', 'घोडदळ' असे लिहा. नियमांचे इंग्रजी मात्र फार आटोपशीर आहे, एकेक शब्द मोलाचा. म्हणून तिसऱ्या मित्राने पुस्तक हाती घेऊन पंच व्हावे आणि ही जबाबदारी आळीपाळीने फिरवावी. वाद झालाच तर फासा टाकून पुढे जा, नियम डाव संपल्यावर तपासा.